छाट

अशोक चौकापासून घर आठशे पावलं.
त्यात मी तीनदा थांबायचो.
एकदा सायकलच्या दुकानाशी, टायरचा भाव विचारत,
एकदा कुणाच्या तरी श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाचत,
एकदा नुसताच, खिशात किल्ली चाचपत.
डावी पोटरी आतून पिळवटायची
ओल्या टॉवेलसारखी.
उभा राहिलो की सुटायची.
लोक म्हणायचे, येमूल मामा निवांत माणूस.

बावीस वर्षं माग चालवला.
शेडमध्ये पेटवायची बंदी, सूत भडकतं,
म्हणून कंपाउंडाला टेकून ओढायची.
विडी विकत कधी घेतली नाही.
राजमणी दिवसाला हजार वळायची,
चेकर मूठ मूठ बाजूला काढायचा,
सैल, वाकडी, तोंड फाटलेली.
ती छाट. तिचे पैसे नाहीत.
तिची छाट मी ओढली, वाया नको म्हणून.

पुढचं सांगायला जीभ जड होते.
दोन वर्षांमागं, गड्ड्याच्या आसपास,
अंग ऐकेनासं झालं.
मोटर चालू, पट्टा फिरतोय,
आणि माग उभा.
एस्टी स्टँडामागच्या तंबूत एकाने सोळाशे घेतले,
काळी गोळी दिली, दुधातून घ्या म्हणाला.
दूध तेवढं अंगी लागलं.

राजमणीने एका रात्री विचारलं,
माझ्या हाताला तंबाखूचा वास येतो का?
मी गप्प.
तिने ते हो समजलं.
दुसऱ्या दिवसापासून लिंबाची फोड घेऊन
नखं घासायची, तळवे घासायची,
कात्रीने चिरलेल्या बोटांना रस झोंबायचा,
तेव्हा फक्त श्वास ओढायची तोंडाने.
मी भिंतीकडे तोंड करून ऐकायचो.
दोन वर्षं.
हे कुठल्या चेकरने बाजूला काढायचं?

सिव्हिलला गेलो ते पोटरीसाठी.
गावडे मॅडम, माझ्या पोरीच्या वयाच्या.
घोट्यावर गार जेली, पेनासारखं यंत्र.
उजव्या पायात आवाज आला, चालत्या शेडचा.
डाव्या पायात
कुठंतरी लांब एकच माग, तोही दमलेला.
विडी किती? दोन कट्टे.
आणि रात्रीचं कसं आहे, मामा?
मी पंख्याकडे बघत राहिलो.
त्यांनी आवाज खाली नेला नाही, वर नेला नाही.
म्हणाल्या, धूर रक्तवाहिनीचं अस्तर खरवडतो.
तिथल्या वाहिन्या पायापेक्षा बारीक,
बऱ्याचदा आधी त्याच तुंबतात.
पाय आता बोलला,
त्यांनी दोन वर्षांआधी सांगितलं होतं.
पुढचा निरोप छातीतून येऊ शकतो.

सोडली तर परत होईल?
रोज चाललात तर पाय सुधारेल, म्हणाल्या.
बाकीचं, सोडून बघा. औषधंही आहेत.
तंबूतली नव्हे.

बारीक धागा आधी तुटतो.
हे मला कुणी शिकवायला हवं होतं?

घरी ती पानं कापत बसली होती,
मांडीवर सूप, सुपात जर्दा.
म्हणालो, तुझ्या हाताला कधीच वास नव्हता.
कात्री थांबली.
‘एमैंदी?’
मग सगळं सांगितलं, घरच्या भाषेत,
मराठीत ते मला जमलं नसतं.
सोळाशेचंही सांगितलं.
ती रडेल असं वाटलं होतं.
बराच वेळ तळवे उलटसुलट करून बघत राहिली,
मग म्हणाली,
‘लिंबाचे पैसे दे.’

आज एकेचाळीसावा दिवस.
तोंड कोरडं पडतं, चिडचिड होते,
कारखान्यातला मल्लेशी मुद्दाम तोंडावर धूर सोडतो,
काय बे, बायकोचा माल नको झाला का म्हणतो.
छाट ती आता चेकरच्या टेबलावरच सोडून येते.
चौकापासून घरापर्यंत दोनदाच थांबतो,
टायरचा भाव विचारणं सुटलं.

दुसऱ्या गोष्टीचं अजून काही सांगत नाही.
रात्री तिचा हात येतो, पानाच्या वासाचा,
खरखरीत, न धुतलेला.
मी भिंतीकडे वळत नाही.
लिंबाचे पैसे अजून द्यायचेत.